नाशिक बघायचं तर वेळ धरून बघा

गेल्या पौषात धाकट्या बहिणीचे जावई पहिल्यांदाच आमच्याकडे मुक्कामाला आले. सकाळी नऊला गाडी ठरवून निघाले आणि साडेबाराला दारात परत. गाडीवाल्याने साडेतीन तासांत आठ देवळं दाखवली होती. पाटावर बसता बसता म्हणाले, "मामा, झालं नाशिक बघून." त्यांची काही चूक नव्हती, पण ते वाक्य माझ्या जिवाला लागलं. मी बत्तीस वर्षं या गावात घरोघर विजेचे मीटर वाचत फिरलो. जोगवाड्यातल्या वाड्यात जन्मलो, शाळा पंचवटीत झाली, आता सिडकोत चौथ्या स्कीममध्ये राहतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांना उठवलं आणि पुढचे तीन दिवस स्वतः फिरवलं. ते कसं फिरवलं तेच इथे सांगतो. तुम्हीही येणार असाल तर तसंच करा.

पहिली गोष्ट, इथल्या प्रत्येक भागाची एक ठरलेली वेळ आहे. त्या वेळेला गेलात तर तिथली माणसं आपापल्या कामात दिसतात. वेळ चुकली की नुसत्या भिंती आणि बंद फळ्या. म्हणून एका वेळी एकच भाग घ्या आणि तो पायी बघा.

दुसरी गोष्ट, दिशा नदीवरून ओळखा. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. "गंगेवर जाऊन येतो" असं कुणी म्हणालं तर तो रामकुंडाकडे निघाला आहे. त्र्यंबकहून पूर्वेला येणारी ही नदी रामकुंडापाशी दक्षिणेला वळते. तिच्या डाव्या काठावर पंचवटी, उजव्या काठावर जुनं नाशिक. हे दोन काठ नीट समजले की बाकीचं शहर आपोआप जागेवर बसतं.

रेल्वेने येत असाल तर स्टेशन शहरात नाही, नाशिकरोडला आहे. तिथून जुनं गाव नऊ-दहा किलोमीटर पडतं. स्टेशनच्या बाहेरून महापालिकेच्या सिटीलिंकच्या बस मिळतात. २०२१ पासून त्या सुरू आहेत आणि आमच्यासारख्यांची मोठी सोय झाली आहे. रिक्षा केलीत तर बसण्याआधी भाडं ठरवा. सीबीएस, शालिमार, निमाणी ही बस थांबण्याच्या ठिकाणांची तीन नावं लक्षात ठेवा. वाट चुकलात तरी यातल्या एका ठिकाणी कुणीही पोचवून देईल.

आता पंचवटी. हिची वेळ पहाटे साडेपाच ते नऊ. मालेगाव स्टँडच्या उतारावरून खाली चालत या. अंगावर स्वेटर आणि पायात चटकन काढता येतील अशा चपला हव्यात, कारण दर शंभर पावलांवर त्या काढाव्या लागतात. रामकुंडावर आलात की लगेच देवळात शिरू नका, पायऱ्यांवर पंधरा मिनिटं बसा. एका बाजूला स्नानाची गर्दी असते, दुसऱ्या बाजूला कुणी दशक्रियेला बसलेलं असतं, कुणी अस्थी घेऊन आलेलं असतं. कृपा करून त्यांचे फोटो काढू नका. तो त्यांच्या घरचा सर्वांत अवघड दिवस असतो.

आणि इथे एक काम जरूर करा, जे कुठलाही गाडीवाला तुम्हाला सांगणार नाही. घाटावर कुणालाही विचारा, "आमच्या गावचे गुरुजी कोण?" इथल्या तीर्थोपाध्यायांच्या घरांत गावं वाटलेली आहेत. ज्यांच्याकडे तुमचं गाव आहे त्यांच्याकडे नामावळी असते, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या यात्रेला आलेल्यांची वही. जावई बार्शीकडचे. दोन ठिकाणी विचारून तिसऱ्या घरी पोचलो. गुरुजींनी आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं, आणि आतून लाल कापडात बांधलेली लांबट वही आणली. जुनी पानं मोडी लिपीत होती. ती ओलांडून ते अलीकडे आले आणि एका ओळीवर बोट ठेवलं. जावयांच्या आजोबांची सही होती, खाली तीन भावांची नावं आणि आत्याचंही नाव. जावयांनी त्या सहीवरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गुरुजींनी पेन पुढे केलं. त्यांनी स्वतःचं, बायकोचं आणि चार वर्षांच्या लेकीचं नाव लिहिलं. दक्षिणा मनाने द्या, पण जाण्याआधी घरून आजोबा-पणजोबांची नावं आणि मूळ गाव विचारून ठेवा. ती माहिती नसेल तर वही उघडूनही उपयोग होत नाही.

रामकुंडासमोरच्या पायऱ्या चढलात की कपालेश्वर. इथे महादेवापुढे नंदी नाही, हे बघा. तिथून सरदार चौकाकडून काळारामाला या. सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं हे काळ्या दगडाचं देऊळ सकाळच्या उन्हातच बघावं. पण आत जाण्याआधी दरवाजाशी थांबा. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच देवळात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड तेव्हा पुढे होते. तो लढा वर्षानुवर्षं चालला. आपण आज सहज ओलांडतो तो उंबरठा हजारो माणसांना बंद होता. पोरं बरोबर असतील तर त्यांना हे तिथेच, दारात उभं राहून सांगा.

शेजारी सीतागुंफा आहे, तिच्याभोवतीच्या जुन्या वडांना नंबर घातलेले दिसतील. गुंफेची वाट फार अरुंद आणि ठेंगणी आहे. गुडघे दुखत असतील किंवा कोंडल्यासारखं होत असेल तर बाहेरूनच नमस्कार करा. मग मिसळ खा. कुठली चांगली यावर आमच्या घरातही एकमत नाही, म्हणून नाव सांगत नाही. बरोबर पापड आणि दही येतं. रस्सा आधी थोडाच घ्या, मग वाढवा.

जुन्या नाशकाची वेळ अकरानंतर. अहिल्याबाई होळकर पुलावरून पलीकडे या. जुनी माणसं अजून याला व्हिक्टोरिया पूल म्हणतात. पुलाच्या टोकाला सुंदरनारायणाचं देऊळ, पुढे रविवार कारंजा आणि तिथला चांदीचा गणपती. मेन रोडला लागलात की सायंताराचा साबुदाणा वडा उभ्या उभ्या खा आणि मग मुख्य रस्ता सोडा. खरं गाव गल्ल्यांत आहे. नाशिक नऊ टेकड्यांवर वसलं असं म्हणतात, आणि पायी चाललात तर पोटऱ्यांना ते पटतं. जुनी गढी, म्हसरूळ टेक, सगळीकडे चढ नाहीतर उतार. वाट चुकली तर उताराने चालत राहा, नदी सापडते.

सराफ बाजार, दहीपूल, भांडीबाजार हा पट्टा दोन तास खातो. भांडीबाजारात तांब्या-पितळेची भांडी वजनावर मिळतात. तांब्याची कळशी किंवा हंडा घ्यायचा असेल तर बाहेरची चकाकी बघू नका. हात आत घाला आणि बुडाला अंगठा दाबून फिरवा. हातोडीचे ठोके जवळ जवळ आणि एकसारखे लागले पाहिजेत. मग काठ बोटाने चाचपा, धार लागता कामा नये. पितळेचं पातेलं स्वयंपाकाला हवं असेल तर कल्हई करूनच न्या, नाहीतर आमटी कळकते. माझ्या आईने याच बाजारातून घेतलेलं पातेलं अजून आमच्या चुलीवर, म्हणजे आता गॅसवर, रोज चढतं.

तांबट गल्लीत, तिवंधा चौकात, दिल्ली दरवाजाच्या आसपास वाडे बघा. मीटर बहुधा जिन्याखाली, भर दिवसा टॉर्च लागायचा. तिवंध्याजवळच्या एका वाड्यात शिरलं की माडीवरून आजी ओरडायच्या, "मीटरवाले, तुळईला डोकं जपा." ती सागाची तुळई इतक्या वर्षांच्या हातांनी काळीभोर, तुळतुळीत झाली होती. आत जाताना प्रत्येकाचा हात तिथेच टेकायचा. तो वाडा आता पाडला आहे. जे उभे आहेत त्यांचे दरवाजे नीट बघा. मोठ्या दरवाजात एक माणूस वाकून जाईल एवढी दिंडी असते, आणि आतल्या बाजूला भिंतीत अडसर सरकवायचं भोक. पण हे बघायला परवानगी घ्या. "काका, जरा आत येऊन वाडा बघू का?" एवढं विचारलंत तर नाही म्हणणारे थोडे. पावसाळ्यात मात्र जुन्या भिंतीखाली उभं राहू नका, दरवर्षी कुठला ना कुठला वाडा खचतो.

तिवंधा चौकात तुम्ही रहाडीवर उभे असता, हे माहीत असू द्या. पेशव्यांच्या काळापासूनचे हे दगडी हौद वर्षभर लाकडी ओंडक्यांनी आणि मातीने झाकलेले असतात. रंगपंचमीला उघडतात, पूजा होते, रंग भरतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. मग पोरं काठावरून उडी घेतात, तिला धप्पा म्हणतात. तो रंग आठ-आठ दिवस अंगावरून जात नाही. जमलं तर नाशिकला रंगपंचमीलाच या, फक्त जुने कपडे आणा आणि मोबाइल घरी ठेवा.

चारच्या सुमारास पाय बोलायला लागतात, तेव्हा टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात जा. १८४० ची संस्था आहे. इथल्या माणसांना जुन्या गावाबद्दल काही विचारलं तर मनापासून सांगतात. अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली ती २१ डिसेंबर १९०९ रोजी, विजयानंद थिएटरमध्ये. ती जागाही याच जुन्या गावात.

दुसरा दिवस नाशिकरोड आणि देवळालीचा. नाशिकरोड प्रेसमुळे वाढलं. मुद्रांक, टपाल तिकिटं आणि नोटा छापणाऱ्या सरकारी छापखान्यांनी १९२० च्या दशकात इथे हजारोंना पोटाला लावलं. आत जाता येत नाही. मुक्तिधाम बघा, भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय कोरलेत, आणि पुढे लॅम रोडने देवळाली कॅम्पला जा. देवळालीची वेळ दुपारी चारनंतर. मोठी झाडं, ओसऱ्यांचे बंगले, पारशी आणि गुजराती सॅनेटोरियम. हवा खायला येणाऱ्यांचं हे गाव, त्यामुळे इथे काही 'बघायचं' नसतं, सावलीतून चालायचं असतं. लष्कराची हद्द सुरू होते तिथे पाट्या आहेत, त्या पाळा आणि फोटो काढू नका.

तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर पांडवलेणी. ऊन चढलं की पायऱ्या त्रास देतात. चोवीस लेणी आहेत, पण तीन नंबरच्या लेण्यात जास्त वेळ थांबा. गौतमी बलश्रीचा शिलालेख तिथे आहे. एका आईने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी दगडात कोरून ठेवली आहे. पायथ्याला दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे.

संध्याकाळी सहाला आमच्या सिडकोत या. पाहुण्यांना इथे कुणी आणत नाही, याचं मला वाईट वाटतं. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांनी हा भाग भरला. धुळे, जळगाव आणि कसमादे, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा, तिकडून आलेले लोक. पवननगरच्या भाजीबाजारात उभे राहा आणि कान द्या, अहिराणी ऐकू येईल. थंडीत भरताची मोठी हिरवी वांगी ढिगाने असतात. घासाघीस करा, पण हसून. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी मिळते तिथे जेवा. जावयांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

कॉलेज रोड आणि गंगापूर रोडला रात्री आठला जा, तरुण मंडळी तेव्हाच बाहेर पडतात. एवढ्या दूर गेलाच आहात तर दिवस असताना कुसुमाग्रज स्मारकही बघून घ्या.

आणि पावसाळ्यात येणार असाल तर घाटाकडे निघण्याआधी कुणालाही एवढंच विचारा, "पाणी कुठवर?" उत्तर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजून मिळेल. नदीपात्रातली ही उभी मूर्ती आमची पट्टी आहे. "पायाला लागलंय" म्हणाले तर पुलावरून बघायला हरकत नाही. "कंबर" म्हणाले तर सराफ बाजारात दुकानदार माल वर चढवायला लागलेले असतात, त्यांच्या वाटेत येऊ नका. आणि "छाती" म्हणाले तर त्या दिवशी गंगेवर जायचं नाही, तुम्ही कितीही लांबून आला असलात तरी. आमच्या घरी या, चहा घेऊ, पाणी उतरलं की मी घेऊन जाईन.