पडलेली जड मोटारसायकल उचलताना

रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चे वजन १९५ किलो आहे, म्हणजे सिमेंटच्या चार गोण्यांपेक्षा जेमतेम पाच किलो कमी. सुपर मीटिअर ६५० घेतली तर काटा २४१ किलोंवर जातो. धावत असताना अशी गाडी आपला तोल बऱ्याच अंशी आपणच सांभाळते. वेग माणसाच्या चालीइतका उतरला की तो सगळा भार चालवणाऱ्याच्या एका पायावर येतो आणि तो पाय खडीवर, शेवाळलेल्या फरशीवर किंवा खड्ड्यात पडला की गाडी आडवी होते. वर्षानुवर्षे बुलेट चालवणाऱ्यांच्या बाबतीतही हे घडते, बहुधा पेट्रोल पंपावर किंवा सोसायटीच्या फाटकाशी, जिथे बघायला चार माणसे हमखास असतात.

गाडी नुकती कलू लागली असेल तर मांडी आणि हँडल यांच्या आधाराने ती सावरता येते. ती एकदा का हातून गेली, की मात्र तिला धरून ठेवण्याचा हट्ट करू नये. अशा ओढाताणीत कंबर, खांदा किंवा मनगट दुखावते आणि गाडी पडायची ती पडतेच. हँडल सोडून पाय गाडीखालून काढून घ्यावा आणि बाजूला व्हावे. क्लच-ब्रेकचा वाकलेला लिव्हर बदलता येतो; घोट्याचे हाड जुळायला महिने लागतात.

यानंतर खरा शत्रू असतो ती लाज. लोक बघत आहेत म्हणून माणूस ताडकन उठतो, हँडलला हिसका देतो आणि पाठीत उसण भरून घेतो. त्याऐवजी प्रथम स्वतःला कुठे लागले आहे का ते पाहावे, गाडी वाहत्या रस्त्यात असेल तर मागून येणाऱ्या वाहनांना थांबवण्यास कोणाला तरी सांगावे, आणि इंजिन सुरू असेल तर किल स्विच, म्हणजे हँडलवरचे इंजिन बंद करणारे बटण, दाबून चावी बंद करावी. आडव्या गाडीत इंजिनाच्या सर्व भागांना तेल मिळेलच असे नसते, त्यामुळे ते तसेच फिरत ठेवणे वाईट. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा कॉकही बंद करावा. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकत असेल तर जवळपास कोणी विडी-सिगारेट ओढत नाही ना, याकडे लक्ष द्यावे.

उचलण्याआधीची तयारी गाडी कोणत्या बाजूला पडली आहे यावर ठरते. ती उजवीकडे पडली असेल तर काम सोपे असते: डावीकडचा साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवावा आणि गिअर टाकावा, म्हणजे चाक फिरणार नाही आणि उभी झालेली गाडी पलीकडे कोसळण्याऐवजी स्टँडवर टेकेल. क्लासिकसारख्या गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडेच असतो आणि तो तापलेला असतो, याचा मात्र विसर पडू देऊ नये. गाडी डावीकडे पडली तर स्टँड आणि गिअरची दांडी दोन्ही तिच्याखाली जातात. अशा वेळी पुढचा ब्रेक दोरीने किंवा रुमालाने मुठीशी आवळून बांधावा, नाहीतर चाकांच्या पुढे-मागे दगड अडकवावेत. उतारावर चाके चढाच्या बाजूला आणि सीट उताराच्या बाजूला असेल, तर गाडी लेग गार्डवर फिरवून चाके खालच्या बाजूला आणल्याशिवाय उचलण्याच्या फंदात पडू नये.

आता हँडल पडलेल्या बाजूकडे पूर्ण वळवावे, म्हणजे खालची मूठ टाकीच्या जवळ येते. गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवावे आणि उकिडवे बसावे. एका हाताने ती खालची मूठ, दुसऱ्या हाताने मागची पकडपट्टी किंवा फ्रेमचा पक्का भाग धरावा. इंडिकेटर, आरसा किंवा सीटचे कव्हर कदापि धरू नये. हात सरळ, पाठ ताठ, नजर समोर ठेवून मांड्यांच्या जोराने बुडाने गाडी मागे रेटावी आणि इंच-इंच पावले मागे सरकवत राहावे. दोन्ही चाके जमिनीवरच असल्यामुळे गाडीचे सगळे वजन आपल्यावर येत नाही, आणि ती जसजशी उभी होते तसतसा भार हलका होतो. नेमकी हीच फसवी जागा आहे, कारण सुरुवातीचाच जोर कायम ठेवला तर गाडी दुसऱ्या अंगावर जाते. ती उभी झाल्यावर हात न सोडता तिच्याकडे वळावे. डावीकडे पडलेल्या गाडीचा स्टँड आता पायाने काढावा.

मदतीला कोणी आले तर संकोच न करता घ्यावी, पण प्रत्येकाने कुठे धरायचे ते आधी सांगावे आणि एकाला पलीकडच्या बाजूला उभे करावे. सांगितले नाही तर उत्साही मंडळी आरसा उपटून हातात देतात.

उभी केलेली गाडी लगेच सुरू करू नये. पाच-दहा मिनिटांत तेल खाली उतरते. तेवढ्या वेळात हँडल दोन्हीकडे मोकळे फिरते का, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर शाबूत आहेत का, गिअरची दांडी आत दबली आहे का, खाली तेल गळते आहे का, हे तपासावे. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल पुरवणाऱ्या, अनेक गाड्यांमध्ये गाडी आडवी होताच इंजिन बंद पाडणारा सेन्सर असतो, त्यामुळे चावी एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय इंजिन दाद देत नाही. सुरुवातीला थोडा धूर आला तर घाबरू नये, तो थांबला नाही तर मात्र गाडी गॅरेजला दाखवावी. वाकलेला लिव्हर रस्त्यात सरळ करण्याचा मोह टाळावा. ओतीव अॅल्युमिनियम वाकवता वाकवता पटकन तुटते आणि क्लचच्या लिव्हरशिवाय घाट उतरणे म्हणजे शिक्षाच. तो वाकडा असला तरी बोटांना पोहोचत असेल तर तसाच वापरून घर गाठावे.

उभ्या गाडीचे पडणे बहुतेक वेळा स्टँडखालच्या जमिनीमुळे होते. पावसाळ्यात कोकणातल्या ओल्या मातीत किंवा उन्हाळ्यात पाघळलेल्या डांबरावर स्टँड हळूहळू रुतत जातो आणि गाडी तासाभराने पडते, म्हणून त्याखाली चपटा दगड किंवा फळकुट ठेवावे. उतारावर तोंड खाली करून गाडी लावावीच लागली तर ती पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. चालवताना हँडल वळलेले असताना, अगदी सावकाश वेगात, पुढचा ब्रेक दाबू नये; तिथे मागचाच ब्रेक हलक्या पायाने वापरावा.