खेळण्यांच्या चित्राचं जिगसॉ पझल जोडताना या चुका टाळा

खेळण्यांच्या चित्राचं पझल दुकानात सोपं वाटतं. पत्र्याच्या मोटारी, टेडी, भोवरे, काचेच्या गोट्या, लाकडी ठोकळे, सगळं ठळक आणि रंगीबेरंगी. आकाशाचा एकसुरी निळा पट्टा नाही, की झाडीचा हिरवा गुंता नाही. घरी आणून हजार तुकडे ओतले, की दोन-तीन संध्याकाळींत काम अडतं आणि डबा कपाटावर जातो. यात चिकाटीचा दोष क्वचितच असतो. तुकडे निवडण्याची जी पद्धत आपण निसर्गचित्रांवर शिकतो, ती इथे चालत नाही.

रंगावरून ढीग करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. निसर्गचित्रात रंग बऱ्याच अंशी जागा सांगतो: निळं वर, हिरवं खाली. खेळण्यांच्या फडताळात तोच लाल रंग आगीच्या बंबावर असतो, बाहुलीच्या फ्रॉकवर असतो, चेंडूच्या पट्ट्यावर आणि खेळाच्या खोक्यावरही असतो. लाल तुकड्यांचा एक ढीग केला, तर चित्रभर विखुरलेल्या जागांचे तुकडे त्यात एकत्र येतात आणि प्रत्येक तुकड्यासाठी पुन्हा सगळं चित्र धुंडाळावं लागतं.

इथे रंगापेक्षा वस्तूचा पोत बघा. पत्र्याच्या खेळण्यावर चकाकीची पांढरी रेघ असते, लाकडावर बारीक रेषा, टेडीवर लव, गोटीत पीळ, प्लास्टिकवर सपाट रंग. पोतानुसार ढीग केले की तोच लाल रंग चार ठिकाणी आपोआप वाटला जातो. त्याही आधी अक्षरं असलेले तुकडे बाजूला काढा. खोक्यांवरची नावं, बाहुल्यांचे डोळे, मोटारींची चाकं, खेळण्यातल्या घड्याळाचे आकडे हे तुकडे आपली जागा स्वतःच सांगतात. ढिगांसाठी मिठाईच्या खोक्यांची झाकणं उत्तम. स्टीलच्या ताटात प्रकाश चमकतो आणि डोळे लवकर थकतात.

प्रकाशाचंही तसंच आहे. पिवळ्या दिव्याखाली नारिंगी आणि लाल, पांढरा आणि मोतिया यांतला फरक पुसट होतो. पांढरा दिवा घ्या आणि तो बाजूने येऊ द्या, म्हणजे चकचकीत छपाईवरचा उजेड डोळ्यांवर येणार नाही.

आधी चौकट, मगच बाकीचं

हा नियम वाईट नाही, पण खेळण्यांच्या चित्रात चौकट बऱ्याचदा एकाच तपकिरी लाकडाची असते. तिथेच अडून बसलात तर सुरुवातीचा उत्साह संपतो. कडेचे तुकडे वेगळे ठेवा आणि अक्षरांपासून सुरू करा. फडताळाच्या आडव्या फळ्या ही दुसरी चौकटच समजा: त्यांची सरळ रेघ सापडली, की कप्प्यांत खेळणी भरत जाता येतं.

कडा जुळत नसतील तर मोजा. हजारी पझलमध्ये बऱ्याचदा ३८ बाय २७ किंवा ४० बाय २५ अशा ओळी असतात. पहिल्या मांडणीत एकूण १०२६ तुकडे होतात, दुसरीत बरोबर १०००. पण कडेचे तुकडे दोन्हींत १२६ च भरतात. अशा ओळींत कापलेल्या पझलमध्ये वरच्या आणि खालच्या कडेला सारखेच तुकडे असायला हवेत. एका बाजूला एक कमी असेल तर तो ढिगात राहिलाय किंवा चुकीचा बसलाय.

“बसला” म्हणजे “जुळला” नव्हे

लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशाकाराने १७६० च्या दशकात लाकडावर चिकटवलेले नकाशे देशांच्या सीमांवरून कापून पझल केली. त्या तुकड्याचा आकार म्हणजेच तो देश. आजचा साचा चित्राची पर्वा न करता पुठ्ठा कापतो, त्यामुळे दोन अगदी वेगळ्या जागांच्या खुंट्या (तुकड्याच्या कडेला बाहेर आलेले गोल भाग) सारख्या निघू शकतात. रंगीत चित्रात असा चुकीचा तुकडा सहज खपून जातो, कारण शेजारी पिवळ्याला निळा आला तरी खटकत नाही.

संशय आला तर जोडलेला भाग उचलून दिव्यासमोर धरा. सांध्यातून उजेडाची फट दिसली तर तो तुकडा तिथला नाही. सांध्यावरून बोट फिरवलं की पायरीही लागते. शेवटी चार-पाच जागा अशा उरल्या की एकही तुकडा बसत नाही, तर उरलेल्या तुकड्यांशी झटापट करू नका. चूक आधी जोडलेल्या भागात आहे.

फक्त भिंत किंवा फळ्या उरल्या असतील, तर तुकड्यांचा आकार बघा. नेहमीच्या चौकोनी तुकड्याचे खुंट्यांवरून सहाच प्रकार होतात: एकही नाही, एक, दोन समोरासमोर, दोन शेजारी, तीन, चार. तसे ढीग केले की प्रत्येक जागेसाठीचा शोध खूप आटोपशीर होतो.

एकदम हजार तुकडे घेणं

पाचशेपेक्षा हजारी पझल दुप्पट अवघड, हा हिशेब चुकतो. जागा दुप्पट होतात आणि प्रत्येक जागेसाठी तपासायचे तुकडेही दुप्पट. म्हणजे शोध जवळपास चौपट. पहिलं पझल पाचशेचं घ्या. हजारीला जागाही लागते: राव्हेन्सबर्गर या जर्मन कंपनीचं हजारी पझल साधारण ७० बाय ५० सेंटिमीटरचं असतं. घरात कुणाचा इंजिनिअरिंगचा ए-वन मापाचा जुना ड्रॉइंग बोर्ड असेल, तर त्याची ८४ बाय ५९ सेंटिमीटर जागा पुरते आणि रात्री पाहुणे आले तर अर्धवट पझल तसंच पलंगाखाली सरकवता येतं. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर तेवढ्याने भागत नाही. तुकडे उंचावर ठेवा.

पावसाळा

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर पुठ्ठा ओल धरतो. तुकडे फुगतात, खुंट्या घट्ट होतात, आणि जोर लावला की वरचा छापील कागद कोपऱ्यात सुटतो. सुटलेला कोपरा टूथपिकच्या टोकावर थोडा पांढरा गोंद घेऊन चिकटवा, वर बटर पेपर ठेवून जाड पुस्तकाखाली दाबा. उन्हात वाळवू नका, तुकडा वाकतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

नवं पझल उघडताना पिशवी चाळणीत रिकामी करा. पुठ्ठ्याचा भुसा खाली पडतो; नाहीतर तोच सांध्यांत अडकतो आणि बरोबर तुकडाही नीट बसत नाही. रिकामी पिशवी आणि डब्याच्या घड्या तपासल्याशिवाय काहीही फेकू नका.

हरवलेला तुकडा, आणि फ्रेम

तुकडा मिळेना तर आधी केराची सुपली आणि सतरंजीची घडी बघा. खरंच हरवला असेल तर त्या रिकाम्या जागेचा आकार ट्रेसिंग पेपरवर उतरवा, तेवढ्या जाडीच्या पुठ्ठ्यावर कापा आणि डब्यावरच्या चित्राचा तेवढाच भाग योग्य मापात छापून चिकटवा. काही कंपन्या तुकडा बदलूनही देतात. त्यासाठी डब्यावरचा क्रमांक जपून ठेवा.

फ्रेम करायची असेल तर पाणी घातलेला पातळ गोंद ओतू नका, सगळं चित्र वाकतं. खाली बटर पेपर सरकवा, वरून दुसरा कागद ठेवून लाटणं फिरवा, मग घट्ट गोंदाचा पातळ थर जुन्या प्लास्टिक कार्डाने मधून कडेकडे ओढा. माझं मत विचाराल तर चिकटवूच नका. खेळण्यांचं पझल पुन्हा मोडून शेजारच्या मुलांना किंवा वाचनालयाला द्यावं. देताना झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख लिहा, आणि एखादा तुकडा कमी असेल तर तो चित्रात कुठला आहे, तेही.