कूलिंग फॅन बदलताना या चुका टाळा

उद्यमबागेतील फाउंड्री असो, वडगाव-शहापूरचे यंत्रमाग असोत की निपाणीतील तंबाखूची वखार, बेळगाव भागातील कामाच्या ठिकाणी हवेत काहीतरी उडत असतेच, आणि ते ड्राइव्हच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणाच्या), यूपीएसच्या नाहीतर इन्व्हर्टरच्या लहानशा पंख्यात जाऊन बसते. पंखा घरघरू लागला की बहुतेक जण त्यात गंज सोडवण्याचा स्प्रे मारतात. आवाज थांबतो खरा. पण तो पातळ स्प्रे बुशमधले (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीतले) उरलेसुरले तेल धुऊन काढतो व स्वतःही उडून जातो, त्यामुळे थोड्याच दिवसांत पंखा पूर्वीपेक्षा मोठ्याने कुरकुरतो. अशा बुशचे, म्हणजे स्लीव्ह बेअरिंग असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकून नवा पंखा येईपर्यंत वेळ मारून नेता येते. मात्र पाते बोटाने हलवल्यावर शाफ्टमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा जाणवला, तर मी तेलाची बाटली उघडतच नाही.

याहून महाग पडते ती पिवळ्या वायरची चूक. एका मशीन शॉपमध्ये ड्राइव्हचा ८० मिलिमीटरचा, २४ व्होल्टचा, तीन वायरचा पंखा गेला होता. पुण्याहून पार्ट येईपर्यंत थांबायचे कोणी, म्हणून तिथल्या उत्साही पोराने त्याच मापाचा, त्याच व्होल्टचा आणि तीनच वायरचा पंखा आणून बसवला. पंखा छान फिरत होता, तरी ड्राइव्ह फॅन फॉल्ट, म्हणजे पंख्यात बिघाड असल्याचा अलार्म दाखवू लागला. जुन्या पंख्याची तिसरी, पिवळी वायर तो फिरतो की अडकला एवढेच सांगणारी होती, तर नव्याची वायर प्रत्येक फेऱ्याला पल्स देत होती. हे लेबलवरचा पूर्ण पार्ट नंबर पाहिला असता तर कळले असते. पण पोराने ड्राइव्हकडे जाणारी पिवळी वायर सरळ काळीला (निगेटिव्हला) जोडून अलार्म गप्प केला; आता पंखा अडकला तरी ड्राइव्हला तो फिरतोच आहे असे वाटणार होते. पुढे बिडाच्या भुकटीने पंखा जाम झाला आणि ड्राइव्ह ऐन दुपारी ओव्हरहीट होऊन बंद पडू लागला, तेव्हा फॅनचा अलार्म नाही म्हटल्यावर सगळे मोटर आणि लोड तपासण्यात गुंतले. मी गेलो तेव्हा पंख्याची जाळी काढून पाहण्याची तसदी कोणीही घेतलेली नव्हती.

लेबलवरचे ॲम्पिअरही जुळवावेत, कारण निम्म्या ॲम्पिअरचा पंखा तेवढी हवा देत नाही. हवेची दिशा दाखवणारा बाण जुना पंखा काढण्यापूर्वीच पाहून ठेवावा. कॉम्प्रेसरची हवा मारताना पाते बोटाने धरावे, नाहीतर ते बेफाम फिरून बेअरिंग जाते.

थ्री-फेज ड्राइव्हमधील वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर सुमारे ५८० व्होल्ट डीसी असतात आणि मेन बंद केल्यावरही ते काही मिनिटे टिकतात. झाकणावर छापलेला वेळ पूर्ण जाऊ द्यावा व मीटरने तपासूनच आत हात घालावा. तेवढा धीर नसेल त्याने ड्राइव्हचे झाकण उघडू नये.