इसार देता, पण सही कोणाची घेता? या चुका टाळा

तहसीलसमोर आमचं टायपिंगचं छोटं दुकान आहे. इसारचिठ्ठी (सौद्याच्या आगाऊ पैशाचा कागद), ठेकेपत्र (वावर कसायला भाड्यानं द्यायचा कागद), शपथपत्र, दिवसभर हेच. येणारा माणूस पहिले विचारते, "भाऊ, स्टॅम्प कितीचा लागते?" आधी शंभराचा चालायचा, आता पाचशेचा. पण समोरचा सही करायला कायद्यानं चालते का, हे कोणीच विचारत नाही, आणि लफडं तिथंच होते.

एक संत्र्याच्या बागेचा सौदा सांगतो. आंबिया बहार होता, बाप नागपूरला दवाखान्यात भरती, घरात पैशाची निकड, म्हणून पोरानं व्यापाऱ्याला उभी बाग दोन लाखात देऊन टाकली अन् चाळीस हजार इसार घेतला. पोरगं दाढीमिशीवालं, सही झोकात केली, दोन साक्षीदार, वरून नोटरीचा शिक्का. मग भाव चढला, बाप घरी आला, झाडाखाली क्रेट पाहून म्हणे, "मी कुठी बाग देल्ली गा?" व्यापारी तणतणत आमच्याकडे. पोराची टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, मागवली तर १८ पूर्ण व्हायला अजून चार महिने बाकी!

करार कायदा १८७२ चा आहे, त्याचं कलम ११ म्हणते की करार करणारा सज्ञान, म्हणजे १८ पूर्ण झालेला पाहिजे, शुद्धीत पाहिजे आणि कोणत्या कायद्यानं त्याला मनाई नसली पाहिजे. अज्ञानाचा, म्हणजे १८ च्या आतल्याचा करार म्हणजे पहिल्या दिवसापासून शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलनं (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं कोर्ट) १९०३ मध्येच मोहरीबीबीच्या केसमध्ये सांगून ठेवलं आहे. पोरगं १८ चं झाल्यावर "हो, मले मंजूर आहे" म्हटलं तरी जुना सौदा जिवंत होत नाही, नवाच करावा लागते. व्यापाऱ्याला इसार परत भेटला तो बापाच्या भलेपणानं, बाग काही भेटली नाही. बापाची सही घ्यायला नागपूरची एक चक्कर मारली असती तर एवढं झालंच नसतं. आणि वय पाहायचं तर टीसीवर पाहा, आधारवर अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जानेवारी आहे. सुप्रीम कोर्टानंही २०२४ मध्ये शाळेच्या दाखल्यालाच जास्त वजन दिलं.

दुसरी चूक सातबाऱ्यावरची. नावापुढे "अ.पा.क. आई" असं लिहिलेलं दिसते, लोक समजतात की आई आहे न, मग आईची सही पुरते. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वावर पोराचं आहे, आई फक्त सांभाळते. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा १९५६, कलम ८ प्रमाणे कोर्टाची परवानगी न घेता आईनं किंवा बापानं ते विकलं तर पोरगं सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत खरेदी रद्द करून मागू शकते. तुम्ही विहीर खोदली, ड्रिप टाकलं, अन् एक दिवस समन्स आला, मग बसा. पाच वर्षांवरचा ठेका द्यायलाही हीच परवानगी लागते बरं.

आता दारूचं. बैठकीत दोन क्वार्टर झाल्यावर सौदे लय होतात. सही करताना माणसाला व्यवहार समजत नसंल तर तो करार टिकत नाही, पण नुसतं "मी पेलेलो होतो" म्हणून सुटका नाही, काहीच समजत नव्हतं हे म्हणणाऱ्यालाच सिद्ध करावं लागते. त्यामुळे दोघांनीही सकाळी यावं, चहा मी पाजतो.

म्हातारीचा अंगठा घेताना तर हात जोडून सांगतो, कागद तिला तिच्या बोलीत वाचून दाखवा, घरचं एखादं माणूस सोबत ठेवा. दबाव टाकून किंवा फसवून घेतलेला अंगठा असंल तर करार आपोआप मरत नाही, तिला कोर्टात जाऊन रद्द करून घ्यावा लागते आणि त्यालाही साधारण तीनच वर्षं, कळल्यापासून. गावात लोक पाचव्या वर्षी जागे होतात.

नोटरीच्या कागदानं वावर नावावर होत नाही, ही गोष्ट मी रोज सांगतो अन् रोज कोणीतरी तोच कागद घेऊन पटवाऱ्याकडे जाते. खरेदी रजिस्ट्री ऑफिसातच लागते. वर्षाच्या वरचा ठेकाही रजिस्टर करावा लागते. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी आधी, नाही तर पैसे गेले समजा. तोंडी करार मात्र खोटा नसते, साक्षीपुराव्यानं सिद्ध होऊ शकते, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी डिलीट करू नका.

आणि विनापरवाना सावकारानं कोऱ्या स्टॅम्पवर सह्या घेऊन किंवा खरेदी लावून वावर अडकवलं असंल तर घाबरून घरी बसू नका. २०१४ च्या सावकारी कायद्यात जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येते, १५ वर्षांपर्यंतच्या व्यवहाराची चौकशी होऊन वावर परत भेटू शकते. अर्जासोबत सावकाराला दिलेल्या पैशाच्या चिठ्ठ्या, बँकेचं पासबुक, जुना सातबारा, जे असंल ते जोडा.

तो व्यापारी आता इसाराआधी टीसी मागते. पोट्टे चिडतात, "काका, मी काय लहान दिसतो काय?" तो म्हणते, "दिसत नाही न बापा, म्हणूनच मागतो."