‘पाठवा’ दाबण्याआधी

पुण्यात नारायण पेठेतल्या एका छापखान्यात प्रुफं वाचण्यात माझी सगळी नोकरी गेली. छापखाना आता बंद झाला, पण प्रुफं काही थांबली नाहीत, ती व्हॉट्सॲपवर येतात. दिवाळीआधी फराळाच्या जाहिराती, जूनमध्ये क्लासच्या, आणि भाड्याने देण्याच्या फ्लॅटच्या वर्षभर. “काकू, एकदा नजर टाकता का?” असं म्हणत सोसायटीतली मंडळी पाठवतात आणि मी टाकते.

इथे व्याकरणाचं पुस्तक उघडत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडून ते १८ झाले. ते वाचायला फार वेळ लागत नाही. रोज लिहिणाऱ्याने तेवढा जरूर काढावा. मी सांगतेय ते घाईच्या वेळचं. कसोटी एकच: हे वाचून कुणाला फोन करून विचारावं लागेल का? लागणार असेल, तर ती चूक आधी काढा. बाकीच्या मागाहून.

खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी गेल्या दिवाळीत ग्रुपवर टाकलेला मजकूर असा होता:

घरगुती फराळ मिळेल चकली अर्धा किलो २६० शेव चिवडा १८० करंजी १० नग २५० ऑर्डर रविवार पर्यंत नंतर नाही घरपोच कोथरूड कर्वेनगर

शेव आणि चिवडा प्रत्येकी १८० की दोन्ही मिळून? किलोला की अर्ध्या किलोला? रविवारनंतर ऑर्डरच नाही, की ऑर्डर घेणार पण घरपोच देणार नाही? वहिनी एका हाताने चकल्या तळत होत्या आणि दुसऱ्या हाताने फोन घेत होत्या. आम्ही तो असा केला:

घरगुती फराळ मिळेल.
चकली: अर्धा किलो, २६० रुपये.
शेव: अर्धा किलो, १८० रुपये.
चिवडा: अर्धा किलो, १८० रुपये.
करंजी: १० नग, २५० रुपये.
ऑर्डर रविवारपर्यंत द्यावी. त्यानंतर घेतली जाणार नाही.
घरपोच फक्त कोथरूड आणि कर्वेनगरमध्ये.

एका ओळीत एक पदार्थ, आणि दर कशाचा ते दराच्या शेजारीच. ‘नाही’ हा शब्द कुठल्या वाक्याचा, हे पूर्णविरामाने ठरतं. म्हणून नकार असलेलं वाक्य नेहमी वेगळं तोडा.

ही चिन्हं आपल्याकडे तशी उशिराच आली. मोडीत तर शब्दसुद्धा सुटे लिहीत नसत. विरामचिन्हं मराठीत आणण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडींना देतात, आणि हे गृहस्थ इथलेच म्हणायचे: विश्रामबागवाड्यात १८२१ साली सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेचे ते पुढे प्रमुख झाले. तुळशीबागेत खरेदीला जाताना वाड्यावरून जाल, तेव्हा एक स्वल्पविराम त्यांच्या नावाने सोडायला हरकत नाही.

पूर्णविराम मराठीत टिंबाचा. उभा दंड हिंदीचा, किंवा आपल्या श्लोक-ओव्यांचा. तुमच्या जाहिरातीत तो दिसला, तर फोनवर हिंदी कीबोर्ड चालू आहे असं समजा. सेटिंगमध्ये जाऊन मराठी निवडा. निम्म्या चुका तिथेच मिटतात.

आता एक बारीक पण फार पसरलेली गोष्ट. ‘वेळ’ या शब्दापुढे दोन टिंबं, म्हणजे अपूर्णविराम, द्यायची असतात, तिथे बरेच जण विसर्ग देतात: ‘वेळः सकाळी १०’. डोळ्याला फरक जाणवत नाही. पण विसर्ग हा उच्चार आहे. ‘वेळः’ म्हणजे ‘वेळह’. उलटही होतं. ‘दुःख’ लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाकतात. कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हं, त्यामुळे कुणी ‘दुःख’ शोधलं तर तुमचा मजकूर हाती लागत नाही. विसर्ग मराठी कीबोर्डवर ‘अः’च्या जागी, अपूर्णविराम चिन्हांच्या पानावर. वेळ आकड्यांत लिहिताना मी सरळ १०.३० लिहिते, भानगडच नको.

ऑनलाइन मराठीत सगळ्यात जास्त काय गळतं विचाराल, तर डोक्यावरचं टिंब. ‘त्याच दुकान’, ‘काम झाल’, ‘मुलांच पाळणाघर’. ‘त्याच’ वाचलं की मन पुढे ‘दुकानात’ची वाट बघतं, म्हणजे तेच ते दुकान. ‘त्याचं दुकान’ म्हणजे मालकी. वाचणारा अडखळतो, मागे येतो, परत वाचतो. आणि फोनवर मागे यायची सवय कुणालाच नसते, लोक अंगठ्याने पुढे सरकवून मोकळे होतात. उपाय सोपा आहे. बोलताना शेवटचा स्वर लांबतो का बघा: झालं, केलं, आमचं, छान वाटलं. लांबला की टिंब. तेवढंही लक्षात राहत नसेल, तर लेखी रूप घ्या: झाले, केले, आमचे. मात्रा विसरली जात नाही. फक्त एका मजकुरात दोन्हींची खिचडी नको. वरच्या ओळीत ‘आमचे येथे’ आणि खालच्या ओळीत ‘सगळं मिळतं’ हे पँटवर उपरणं घेतल्यासारखं दिसतं.

दुसरं, जागा. फोन प्रत्येक शब्दानंतर आपणहून जागा सोडतो, म्हणून ‘घरा समोर’, ‘पुण्या मध्ये’, ‘रविवार पर्यंत’ असं तुटतं. समोर, मध्ये, पर्यंत, साठी, जवळ हे मागच्या शब्दाला चिकटूनच हवेत. स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या आधी जागा नाही, नंतर एक.

जोडाक्षरांत दोन ठिकाणी थांबा. शुद्ध, प्रसिद्ध, पद्धत, श्रद्धांजली यांत आधी द, मग ध. छापील ‘द्ध’मध्ये ध खाली लोंबत असल्याने हात चुकतो आणि ‘शुध्दलेखन’ असं लिहून शुद्धलेखनावरच प्रवचन देणारे मी पाहिलेत. दुसरं ठिकाण ‘ऱ्या’चं. ट्रेकच्या जाहिरातीत ‘सह्याद्रीच्या दर्या’ वाचलं की माझ्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. हव्या असतात दऱ्या. कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ असतो. तो, मग हलन्त म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, मग य. कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरत असाल तर शिफ्ट धरून र दाबा.

ऱ्हस्व-दीर्घाचं एवढंच: ‘आणि’ नेहमी ऱ्हस्व, ‘की’ नेहमी दीर्घ. दूध पण दुधाचा, फूल पण फुलांचा. उरलेल्यासाठी कोश उघडा. वेलांटी चुकली म्हणून चकली कुणी परत करत नाही, पण क्लासच्या जाहिरातीत चुकली तर पालक दुसरा क्लास बघतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

उद्गारचिन्ह एक पुरे. तीन दिल्याने चकली जास्त कुरकुरीत होत नाही. आणि ठसा उमटवायला अवतरणचिन्हं वापरू नका. ‘शुद्ध’ तुपातले लाडू, असं अवतरणात वाचलं की मला आधी डालड्याचा वास येतो.

तपासायचं कसं? लिहिल्या लिहिल्या नाही. चहा टाकून या. मग मजकूर अक्षरं मोठी करून वाचा, तोंडाने, हळू. श्वास जिथे अडेल तिथे चिन्ह हवंय किंवा वाक्य तोडायला हवंय. फोन नंबर, दर आणि तारीख यांसाठी वेगळी फेरी. नंबर एकेक आकडा म्हणत, दुसऱ्या कुणाला तरी समोर बसवून. तारखेबरोबर वार लिहिला असेल तर कॅलेंडर उघडून जुळवा, तारीख आणि वार भांडले की लोक कुठलंच खरं मानत नाहीत. फोन चुकीचा शब्द सारखा सुचवत असेल, तर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये ती सूचना दाबून धरा आणि कचरापेटीवर ओढा.

एवढं करूनही काही राहिलं, तर व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो. फुलांच्या चौकटीत सजवून चित्र करून पाठवलेला मजकूर मात्र नाही. ते चित्र तोवर चार ग्रुपांवर गेलेलं असतं. म्हणून चित्र हौसेने करा, पण दर, तारीख आणि नंबर त्याच्याखाली साध्या अक्षरांत टाका.