कचरा डेपोतला गॅस काढताना या चुका टाळा

कचऱ्याच्या ढिगात पाईप उतरवला की गॅस येतो. निम्म्याच्या आसपास मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. बिघडतं ते पुढं.

सगळ्यात महागात पडते ती ब्लोअरची, म्हणजे गॅस ओढणाऱ्या पंख्याची हाव. ओढ वाढवली की मीटरवर गॅस वाढतो, साहेब खूश. पण वाढलेली असते ती हवा! सोलापुरात ढीग काळ्या मातीनं झाकला असेल तर एप्रिल-मेमध्ये हे हमखास होणार, कारण उन्हानं तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आत शिरलेला ऑक्सिजन मिथेन करणाऱ्या जिवाणूंना मारतो, ढीग तापतो आणि आतून धुमसू लागतो. वरून टँकर ओतून ही आग विझत नाही. ओढ कमी करा, भेगा बुजवा.

सीबीजी (शुद्ध करून दाबून भरलेला बायोगॅस) करणाऱ्यांना तर या हवेतला नायट्रोजन जास्तच नडतो. पाण्यानं धुतल्यावर कार्बन डायऑक्साइड जातो, नायट्रोजन तसाच राहतो. 50 भाग मिथेनमागं 15 भाग नायट्रोजन असेल, तर बाकी सगळं काढूनही मिथेन 77 टक्क्यांवरच अडकतं. लागतं किमान 90. म्हणून मुख्य लाईनच्या आकड्यावर विसंबू नका, एखादी भेगाळलेली विहीर (ढिगात उतरवलेला गॅसचा पाईप) त्या सरासरीत लपून जाते. प्रत्येक विहिरीच्या तोंडाशी मिथेन, ऑक्सिजन, तापमान आणि दाब मोजा. व्हॉल्व्ह जरासाच फिरवा आणि परत मोजल्याशिवाय पुन्हा हात लावू नका.

ब्लोअरची सुई लटपटतेय, पाईपला कान लावला तर गुडगुड ऐकू येतेय? लाईनमध्ये पाणी साचलंय. गॅस गरम आणि ओला असतो, रात्री पाईप गार पडला की आत पाणी धरतं. बसवताना दिलेला उतार खालचा कचरा बसत गेल्यावर राहत नाही, मध्येच झोळ पडतो. पाईप उचलून पुन्हा उतार द्या, सखल जागी पाणी काढायची सोय करा.

गॅस कमी पडला की लगेच नवीन बोअर मारू नका. आपल्याकडं पाऊस बेताचा. कोरड्या ढिगात कचरा कुजतच नाही, राडारोड्यातून तर मिथेन मिळणारच नाही. आधी एक खड्डा घेऊन आतली ओल बघा.

सडक्या अंड्याचा वास थांबला म्हणून निर्धास्त होऊ नका. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं; डिटेक्टर लागतोच.

आणि एलपीजीचा बर्नर आहे तसा जोडू नका. या गॅसची उष्णता बरीच कमी, त्याला मोठ्या भोकाचा जेट लागतो.