शिमानामी काइदोवर सायकल चालवताय? या चुका टाळा, नाहीतर उपाशी राहाल

शिमानामी काइदो म्हणजे जपानमधला, बेटांवरून आणि पुलांवरून जाणारा सायकलमार्ग: ओनोमिची ते इमाबारी, मध्ये सहा बेटं, साधारण 70 किलोमीटर. पुणे-लोणावळ्याच्या आसपासचं अंतर, म्हणून आमच्याकडचे सायकलवाले म्हणतात, "हॅ, दुपारपर्यंत उरकेल." उरकतं. पोटाचं काय, ते मात्र कोणी विचारत नाही.

किलोमीटर मोजून दिवस आखणं ही पहिली आणि सगळ्यात महागडी चूक. बेटांवरच्या छोट्या खानावळी दुपारी दोनच्या सुमारास चूल बंद करतात. मी ओमिशिमा बेटावर पोचलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. आजीबाई दारावरचा कापडी पडदा, म्हणजे नोरेन, काठीसकट उतरवून आत नेत होत्या. मला बघून त्यांनी पडदा काखेत धरला, छातीपुढे दोन्ही हातांची फुली केली आणि वर कमरेत वाकून माफीही मागितली. नोव्हेंबरातल्या त्या दुपारचं माझं जेवण म्हणजे मग व्हेंडिंग मशीनमधलं डबाबंद गरम कॉर्न सूप. तेव्हा साडेअकरालाच जेवायला बसा, आणि जिथे जेवायचं त्या खानावळीचा साप्ताहिक सुट्टीचा वार आदल्या रात्री बघून ठेवा.

शाकाहारी मंडळींची फसगत वेगळीच. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. उदोनचा (जाड नूडल्सचा) रस्सा, मिसो सूप, इतकंच काय टोफूवरचा रस्सादेखील बहुतेक वेळा दाशीचा, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या मूळ अर्काचा असतो, आणि दाशीत बहुधा बोनितोसारखा वाळवलेला मासा असतो. ओनोमिचीच्या प्रसिद्ध रामेन नूडल्समध्ये तर डुकराच्या चरबीचे गोळे तरंगतात. "मासा, मांस आणि माशाची दाशी चालत नाही" असं जपानीत लिहून घ्या आणि कागदच दाखवा. शिवाय नुसत्या मिठाचे ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, निघतानाच पिशवीत टाका. इन्नोशिमा बेटावर हास्साकू या कडवट-आंबट संत्र्याची फोड भरलेला मोचीचा (चिकट तांदळाचा) गोळा मिळतो, तो चुकवू नका. इकुचिजिमा लिंबांचं बेट. रस्त्याकडेला संत्र्या-लिंबांच्या पिशव्या आणि शेजारी पैशांचा डबा दिसेल, विकणारा कोणी नाही. सुट्टी नाणी नसतील तर नुसतं बघत पुढे जावं लागतं, म्हणून 100 येनची नाणी जपून ठेवा.

पंक्चरचं थोडक्यात. तिथल्या साध्या सायकलींना आपल्या जुन्या ॲटलस-हिरोसारखाच व्हॉल्व्ह असतो, रोड बाइकला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह. वाटेतला पंप दुसऱ्याच जातीचा निघू शकतो, ॲडॅप्टर खिशात ठेवा. भाड्याची सायकल दुसऱ्या टोकाला सोडायची असेल तर ती तिथे घेतात का आणि केंद्र किती वाजता बंद होतं, हे सकाळीच विचारा. हिवाळ्यात पाचच्या सुमारास अंधार पडतो, आणि शेवटचा कुरुशिमा पूल चार किलोमीटर लांब आहे. समोरून वारा असला की तो संपता संपत नाही. रस्ता चुकायची भीती मात्र नको, कडेची निळी रेघ धरून चला.

इमाबारीत याकितोरी, म्हणजे भाजलेली कोंबडी, काडीला टोचून नाही, लोखंडी तव्यावर वजनाने दाबून भाजतात. कोंबडीची कुरकुरीत कातडी मागवा. सोबत बिअर हवी असेल तर आधी सायकल परत करून या, कारण नोव्हेंबर 2024 पासून तिथे पिऊन सायकल चालवण्याचे नियम फार कडक झालेत. शाकाहाऱ्यांना सोबत येणारा कच्चा कोबी मिळतो.